सात नंबरवरचा डाग

आधीच सांगून ठेवतो, मी गवताचा माणूस नाही. मी पात्यांचा माणूस. गोल्फच्या मैदानावर गवत कापायची जी यंत्रं असतात त्यांची पाती घासायची, बसवायची, यंत्र बिघडलं तर उघडायचं आणि तरी ऐकलं नाही तर त्याला शिव्या घालायच्या, हे माझं काम. शेडच्या बाहेर जेवढं म्हणून हिरवं दिसतं ते सगळं दाजींचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मला इथं चिकटवलं त्यांनीच, त्यामुळे बावीस वर्षं मी त्यांचं ऐकून घेतोय. आणि मी पडलो ताईचा भाऊ, त्यामुळे अधूनमधून त्यांनाही माझं ऐकावं लागतं.

दाजींना बसता येत नाही. पायाला भिंगरी म्हणतात ती यांच्या पायाला नाही, डोक्याला आहे. जेवताना खुर्चीच्या कडेवर, एक पाय दाराकडे. न्हाव्याकडे गेले की दर दोन मिनिटांनी मान वळवून आभाळ बघणार. न्हावी म्हणतो, "कात्री माझी आहे, कान तुमचा आहे, तुम्हीच ठरवा." डाव्या कानाच्या पाळीला एक बारीक खाच आहे, ती अशीच पडलेली.

कारण काय, तर गवत. आमच्या मैदानावर अठरा भोकं. प्रत्येक भोकाभोवती एखाद्या मोठ्या अंगणाएवढी अगदी गुळगुळीत हिरवळ असते, तिला आम्ही ग्रीन म्हणतो. तिथलं गवत सव्वातीन मिलिमीटर उंचीवर कापायचं. सव्वातीन म्हणजे सव्वातीन. मी पात्याखाली कागदाची पट्टी सरकवून माप घेतो. एवढ्या खाली कापलेलं गवत जगतं कसं हेच मला कोडं आहे. दाजी म्हणायचे, "जगत नाही रे ते. मी जगवतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाती घासताना त्याच तालात हात चालतो.

थंडीच्या दिवसांत ग्रीनवर दव साचतं. तसंच राहिलं तर गवताला बुरशी धरते, म्हणून उन्हं वर यायच्या आत लांब वेताची काठी फिरवून ते झाडायचं असतं. माझी भाची थंडीतच जन्मली. तेव्हा मी इथं कामाला नव्हतो, पण निरोप घेऊन मैदानावर गेलो होतो मीच. दाजींनी बातमी ऐकली, काठी खांद्याला लावली, हसले आणि म्हणाले, "चौदा झालीत. चारच राहिलीत." त्या चारांना तासभर लागला. ताईने त्या तासाबद्दल कधी एक शब्द काढला नाही, पण थंडी पडली की ती दाजींशी जरा तुटक बोलते असं मला वाटतं.

एका पावसाळ्यात दोघं समुद्र बघायला निघाली. चार दिवसांची रजा, बॅगा भरलेल्या, मी बसस्टँडपर्यंत सोडायला गेलेलो. दाजींनी वर बघितलं. ढग आले होते. "खालच्या बाजूची गटारं तुंबली असतील, मी आलोच," म्हणाले आणि गेले. ताई बॅगेवर बसून राहिली. तिच्या समोरून दोन बसा गेल्या. मग ती घरी आली, कपडे परत कपाटात लावले आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. दाजींच्या ते पाचव्या दिवशी लक्षात आलं.

भाचीचं लग्न उन्हाळ्यात. त्या सकाळी पंपाचा पाइप फुटला. दाजी मांडवात आले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. सगळ्या फोटोंत ते खुर्चीच्या मागे उभे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, माणूस वाईट. छे. वाईट असता तर बरं झालं असतं, ताईने केव्हाच हाकललं असतं. पगार घरात देणारा, आवाज न चढवणारा, ताईच्या शिलाई मशीनला दर महिन्याला स्वतः तेल घालणारा माणूस. ताई घरी पडदे आणि शाळेचे गणवेश शिवते. तीस वर्षं ती बसून आणि ते उभे. दोघांमध्ये बोलणं व्हायचं ते दारातून.

गेल्या पावसाळ्यानंतर दाजींनी सात नंबरचं ग्रीन उकरलं. हे सात नंबर म्हणजे डोक्याला ताप. एका बाजूला टेकाड, दुसऱ्या बाजूला झाडांची रांग, ऊन अर्धाच दिवस आणि खाली पाणी साचून राहणार. दर उन्हाळ्यात तिथलं गवत टक्कल पडल्यासारखं जायचं. क्लबच्या सेक्रेटरीच्या मागे अकरा वर्षं लागून दाजींनी परवानगी काढली. सगळं खणलं, खाली खडी, पाण्याच्या नळ्या, वर वाळू, मग नवं बी. मोड आले तेव्हा दाजी पोटावर पालथे पडून ते बघत होते. बासष्ट वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "दाजी, उठा, लोक बघतायत." म्हणाले, "बघू देत. पहिला उन्हाळा काढला की मग हे कोणाच्या बापाचं ऐकणार नाही."

आणि नेमकं त्या पहिल्या उन्हाळ्याच्या तोंडावर भाचीचे दिवस भरत आले.

भाची राहते बसने सात तासांवर. रक्तदाब वाढत होता, डॉक्टर जपून राहायला सांगत होते. तिने आईला बोलावलं होतंच, पण एका संध्याकाळी तिने बापाला फोन केला. मी तिथंच बसलो होतो, चहा पीत. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे ऐकू आलं. "बाबा, मला भीती वाटतेय. या वेळी तुम्ही या." दाजी फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारायला लागले. "येतो गं, बघतो गं, सात नंबरचं जरा..." असं काहीतरी चाललं होतं. फोन ठेवून आत आले तर ताई मशीन बंद करून त्यांच्याकडे तोंड करून बसलेली.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "भाऊ साक्षीला आहे म्हणून त्याच्यासमोर सांगते. पंधरा दिवस माझ्याबरोबर यायचं आणि राहायचं. फोनवर गवताची चौकशी केलीत तरी मी काही म्हणणार नाही. पण मध्येच उठून आलात, तर एकटेच या. मी मागून येणार नाही. मी तिथंच राहीन, लेकीकडे."

दाजी हसायला गेले. ताई हसली नाही. मग दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी चहाच्या कपात बघितलं.

"येतो," ते म्हणाले. "सांगितलं ना, येतो."

निघायच्या आदल्या दिवशी ताईने मला मोरीपाशी गाठलं. "त्यांनी फोनवर काहीही विचारलं तरी तुझं उत्तर एकच. सगळं ठीक आहे. आग लागली तरी ठीक आहे. कळलं?" मी म्हटलं, "ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ती म्हणाली, "नाहीस. पण तुझ्या जिभेला हाड नाही." आपली माणसं आपल्याला किती ओळखून असतात बघा.

दाजींनी मला एक वही दिली. अठरा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पहाटे दव झाडणे. मग कापणे, एक दिवस उभं, एक दिवस आडवं. दहा वाजता पाणी. एक वाजता थोडं पाणी. चार वाजता अगदी थोडं पाणी. एक दिवसाआड रूळ फिरवणे. आठवड्यातून दोनदा खिळ्यांच्या फळीने टोचणे. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, फवारा चालू असताना त्याच्याकडे पाठ करू नये. मी विचारलं, "का? रागावतो का?" दाजी म्हणाले, "अडकतो. आणि तुला कळत नाही." बसमध्ये चढेपर्यंत सूचना चालू होत्या. बस हलली तरी खिडकीतून हात दाखवत होते, म्हणजे निरोपाचा नाही, पाणी किती द्यायचं त्याचा.

पहिला फोन बस शहराबाहेर पडायच्या आत आला.

नंतर मी मोजायचं सोडून दिलं. दव झाडलंस का? कुठल्या काठीने? रंग कसा आहे? हिरवा म्हणजे कुठला हिरवा? सात तास लांब बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं, आणि शेळी मी. एकदा म्हटलं, "फोटो पाठवतो, बघा आणि शांत व्हा." म्हणाले, "फोटोत सगळंच हिरवं दिसतं. लग्नाच्या फोटोत मीसुद्धा निवांत दिसतो."

तीन दिवस मी वहीप्रमाणे केलं. चौथ्या दिवशी मोठ्या मशीनचा पट्टा तुटला, माझी दुपार त्यात गेली, एकचं आणि चारचं पाणी राहून गेलं. संध्याकाळी धावत सात नंबरवर गेलो. आता ताईला काय सांगू, दाजींना काय सांगू. गवत होतं तसंच होतं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. मग मीही जरा हट्टाला पेटलो. माणूस चोवीस तास कानाशी भुणभुणत असला की त्याचं न ऐकण्यात एक सुख असतं, खोटं कशाला बोलू. पहाटे एकदाच भरपूर पाणी द्यायचं, कापायचं, आणि मशीन आत लावून द्यायचं. रूळ नाही, टोचणी नाही, काही नाही.

आठव्या दिवशी सेक्रेटरी शेडमध्ये आले. ते शेडमध्ये कधी येत नाहीत, ग्रीसचा वास सहन होत नाही त्यांना. म्हणाले, "सात नंबरला काय केलंत हो? इतकं चांगलं कधी बघितलं नव्हतं."

मी जाऊन नीट बघितलं. खरंच. दाट झालं होतं. कडेला बोट घालून पाहिलं तर मुळं बोटभर खाली गेली होती. दाजी सारखं थोडंथोडं पाणी पाजायचे, तर मुळं बापडी वरच बसायची, खाली जायची गरजच काय त्यांना? आता वरून मिळेना म्हणून गेली शोधत. हे मी गवताचा माणूस नसूनही मला कळत होतं. तिथं उभं राहून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. बसस्टँडवर बॅगेवर बसलेली ताई डोळ्यांपुढे आली. म्हटलं, हे त्या चार दिवसांतही राहिलं असतं की. गटारं तुंबली असती, मी उपसली असती.

फोनवर मात्र मी ताईला दिलेलं वचन पाळत होतो. सगळं ठीक आहे. हिरवं आहे. मस्त आहे. आणि इथंच घोटाळा झाला. दाजी आयुष्यभर गवताच्या वाईट बातम्यांवर जगलेला माणूस. त्यांना नऊ दिवस नुसती चांगली बातमी, ती पचेना.

"एकही डाग नाही?" नवव्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं.

"नाही."

"नवं ग्रीन, पहिला उन्हाळा, आणि नऊ दिवसांत एक डाग नाही? तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस. जळालं का? सांग, जळालं का?"

"दाजी, नाही हो."

"तुझ्या ताईने सांगितलंय तुला तसं बोलायला. मला काय कळत नाही होय? खरं सांग. खरं सांगितलंस तर मला झोप लागेल. पाच दिवस डोळ्याला डोळा नाही."

त्या वेळी मी मशीनखाली आडवा होतो. हातभर ग्रीस, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, तोंडात बोल्ट. हा त्या दिवसातला दहावा फोन. आणि मला वाटलं, आपण डोकं चालवू. या माणसाला एवढंसं वाईट काहीतरी दिलं की त्याचा बाकीच्या चांगल्यावर विश्वास बसेल. मी बोल्ट तोंडातून काढला आणि म्हटलं, "आहे एक. डाव्या कडेला. नाण्याएवढा. औषध मारलंय, दोन दिवसांत जाईल."

मग दाजी म्हणाले, "हं. बघ, म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर." आवाजात अगदी समाधान. "बरं झालं सांगितलंस." फोन ठेवला. संध्याकाळी फोन आला नाही. मी स्वतःवर खूष. बायकोला सांगितलंसुद्धा, माणसं हाताळायला अक्कल लागते म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे काठी घेऊन सात नंबरवर पोचलो तर ग्रीनवर कोणीतरी ओणवं होतं. आधी वाटलं कुत्रं शिरलं. जवळ गेलो तर दाजी. प्रवासाची पँट गुडघ्याला भिजलेली, पिशवी बाजूला टाकलेली, दोन्ही तळवे गवतावर टेकून रांगत होते. मला बघून मान वर केली, कसा आहेस नाही, काही नाही.

"डाग कुठाय?"

मी म्हटलं, "दाजी, तुम्ही इथं कसे? ताई कुठाय?"

"आहेत तिकडे सगळे. डॉक्टर म्हणाले, वेळ आहे अजून. डावी कड म्हणालास ना? कुठली डावी? टेकाडाकडून की झाडांकडून?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई.

"हे तिकडे आलेत का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तीही हं म्हणाली, अगदी हळू. मग तिने सांगितलं ते असं. संध्याकाळी भाचीला दवाखान्यात हलवलं होतं. दाजी खोलीच्या दारात उभे होते. लेकीला म्हणाले, "मी चहा घेऊन येतो." आणि गेले ते गेले. फोन बंद. पोरगी कळा सोसत रात्रभर विचारत होती, बाबा आले का चहा घेऊन. आत्ता साडेपाचला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. "सांग त्यांना," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

मी सांगितलं. दाजी उठून गुडघ्यांवर बसले. "झालं? बरी आहे ना? दोघी बऱ्या ना?" डोळे भरले त्यांचे, खोटं नाही सांगत. हाताच्या पाठीने पुसले, नाकाला माती लागली. आणि मग पुन्हा खाली वाकले. "एवढा डाग बघून घेतो आणि दुपारच्या बसने निघतो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी हातातली काठी फेकली. "नाहीये डाग. नव्हताच कधी. तुम्ही ऐकेनात म्हणून मी बोललो. तुमचं तोंड बंद करायला बोललो."

"असं कसं? औषध मारलंस म्हणालास."

"औषध नाही, काही नाही. तुमची वहीसुद्धा चौथ्या दिवसापासून उघडलेली नाही. पहाटे पाणी दिलं आणि कापलं. बाकी काय केलं विचाराल तर काही नाही."

"रूळ?"

"नाही."

"टोचलं असशील."

"नाही दाजी."

मग त्यांनी कडेला बोट खुपसलं, मी खुपसलं होतं तसंच. बोट आत कुठपर्यंत जातंय ते मी बघत होतो. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. बसून, म्हणजे खरंच बसून, पाय पसरून, ओल्या गवतात. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं होतं. मी बोलायचं तेवढं बोललो होतो आणि थांबायला हवं होतं, पण जीभ माझी. म्हटलं, "सेक्रेटरी म्हणाले, इतकं चांगलं कधीच नव्हतं."

दाजींनी बोट काढलं, पँटीला पुसलं आणि विचारलं, "बस कितीची आहे?"

मी त्यांच्याबरोबर गेलो. एकट्याने पाठवायचा धीर नव्हता आणि ताईसमोर उभं राहायचं होतं मला. सात तासांत दाजी चारदा जागेवरून उठले, कंडक्टरने दोनदा बसायला सांगितलं. गवताविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "कापलंस मात्र छान. पातं चांगलं लागलंय." मी खिडकीबाहेर बघितलं.

दवाखान्यात दाजी आत गेले आणि ताई बाहेर आली. पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती, तिथं बसलो. तिचे डोळे सुजलेले होते, केसही विंचरलेले नव्हते. मी तिला सगळं सांगितलं. डाग मी रचला, नाण्याएवढा मी म्हटलं, डाव्या कडेला मी म्हटलं. गवत उत्तम आहे, पूर्वीपेक्षा उत्तम. "ताई, चूक माझी. त्यांच्यावर राग काढू नकोस."

ताई म्हणाली, "डाग तू रचलास. चहा कोणी रचला?"

ती पुढे म्हणाली, "तू म्हणतोस, त्यांनी तिथं बोट घालून बघितलं. मग त्यांना कळलंय ना, की ते नसले तरी काही बिघडत नाही?"

"कळलंय."

"मग ते तसं म्हणाले तर मी येईन," ताई म्हणाली. "एवढंच म्हणू देत. गवताला मी लागत नव्हतो, उगाच पळत राहिलो. माझ्याजवळ म्हणू देत नाहीतर पोरीजवळ. मी येईन घरी."

आम्ही आत गेलो. खोलीत औषधाचा वास, खिडकीला निळा पडदा, भाची उशीला टेकून बसलेली. दाजींच्या हातात बाळ होतं. उभेच होते. बाळाला हलवत होते की स्वतः हलत होते कोण जाणे. भाचीचा चेहरा पांढराफटक, पण ती हसत होती. बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, चहा मिळाला का हो?" टोमणा नव्हता तो, लाडाने म्हणाली. पोरीला सवय आहे ना. आणि मग आपणच बापाची सुटका केली. "असू दे. सात नंबरचा पहिला उन्हाळा आहे, मला माहीत आहे. तिथं तुम्ही लागताच."

ताई पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, भाजी आणलीत का विचारावं तसं. "कसं आहे हो सात नंबर? बघून आलात ना?"

मी दाजींकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, म्हणा. चार शब्द आहेत. मी कोणाला हसणार नाही, कोणाला सांगणार नाही, म्हणून टाका. दाजींनी बाळाकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं सांगू? माझ्याकडे ते मागत होते काहीतरी. तीस वर्षं एकदम हातातून काढून घेऊ नकोस, असं काहीतरी. मी मान खाली घातली.

"डाग आहे," दाजी म्हणाले. "डाव्या कडेला. नाण्याएवढा. वेळेवर गेलो म्हणून सापडला, नाहीतर पसरला असता."

ताईने माझ्याकडे बघितलंही नाही. ती पुढे झाली, त्यांच्या हातातून बाळ घेतलं, दुपट्याचं टोक सारखं केलं.

"मग जा तुम्ही," ती म्हणाली. "संध्याकाळची बस मिळेल."